एकाच धावपट्टीवर

कॅप्टननी इंजिनं बंद केली, पट्टा सोडला आणि समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले, "पुढचं उड्डाण मी करणार नाही. डोळे जड झालेत माझे."

मी उजव्या सीटवर होते, त्यांची सहवैमानिक. आमची कंपनी लहान, विमानं थोडी आणि सगळी पंख्याची. त्या आठवड्यात एक विमान दुरुस्तीला गेलं होतं, त्यामुळे उरलेल्यांची आणि आमचीही धावपळ वाढली होती. पहाटेपासून आम्ही वर-खाली करत होतो. मे महिन्याची दुपार. शेवटच्या वेळी उतरताना टॉवरने दिलेली सूचना कॅप्टननी चुकीची परत म्हणून दाखवली होती. मी दुरुस्त केली. त्यांनी मान हलवली, पण ते माझ्या लक्षात राहिलं आणि त्यांच्याही.

ड्युटी थोडी वाढवता येते, नियम तसं सांगतो. पण कॅप्टन तयार असेल तरच. फोनवरून कंपनीचा माणूस तेवढा पहिला अर्धा नियम पुन्हा पुन्हा सांगत होता. कॅप्टन शांतपणे नाही म्हणत राहिले.

प्रवाशांमध्ये एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. मला गाठून त्या म्हणाल्या, "विमान इथं उभं आहे, तुम्ही दोघं इथं उभे आहात. मग अडलंय कुठं?" मी त्यांना खरं तेच सांगितलं, की आम्ही थकलोय. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसतं आश्चर्य आलं. वैमानिक थकतो हे कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं. कंपनीने रात्रीच्या गाडीने त्यांची सोय केली, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनना कामावरून बाजूला बसवलं. मला ऑफिसात बोलावून विचारलं, "तुम्ही थकला होतात का?" मी हो म्हणाले. मलाही 'चौकशी होईपर्यंत' घरी पाठवलं.

कॅप्टन मला म्हणाले, "युनियनला विचारून बघ. मी विचारलं तर स्वतःसाठी विचारतोय असं होईल."

आमच्या कंपनीत युनियन नव्हती. आम्ही होतोच मूठभर, आणि त्यातले निम्मे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या बाँडमध्ये अडकलेले. मोठ्या कंपनीतल्या वैमानिकांची संघटना मात्र जुनी आणि वजनदार. तिच्या सेक्रेटरींचा नंबर मिळवला. ते मराठीच निघाले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या कंपनीतले किती जण आमचे सभासद आहेत?"

"एकही नाही."

"मग मी कोणाच्या वतीने बोलू? आमची मान्यता आमच्या कंपनीपुरती आहे. उद्या तुमचा मालक मला विचारेल, तुम्ही कोण? त्याचं चुकेल का?"

वाईट वाटलं, पण मला त्यांच्यावर चिडता येईना. त्यांचा प्रश्न बरोबर होता. आमच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं, कारण आम्ही कोणाला तसं कधी म्हटलंच नव्हतं. आणि म्हणायची हिंमत होत नव्हती, कारण आमच्या बाजूने कोणी नव्हतं. या गोलात आत शिरायचं कुठून ते मला दिसेना.

मी राजूरला घरी आले.

बाबा अंगणात कूलरच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरत बसले होते. त्यांनी आयुष्यभर कोळशाच्या खाणीत डंपर चालवला, ठेकेदाराच्या हाताखाली. आपली पोरगी विमान चालवते याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते दुसऱ्यांजवळच बोलून दाखवत. मी सगळं सांगितलं. हातातलं गवत खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे तुये साहेब लोकंबी ठेकेदाराचेच निघाले."

मला हसू आलं, पण टिकलं नाही.

"आमचंबी तसंच होतं," ते म्हणाले. "युनियन परमनंटवाल्याइचं. आमी त्याइच्या हापिसात गेलतो एकडाव. त्याइनं चहा पाजला. म्हणे, तुमी ठेकेदाराचे, आमी खाणीचे, आमी कसं बोलावं?"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? परत आलो. मंग पाऊस लागला. डंपरचे ब्रेक बरोबर लागून नव्हते राह्यले. खाणीत उतराचा रस्ता सारा चिकट झालेला. ठेकेदार म्हणे, चालवा. आमी म्हटलं, नाही. तो म्हणे, नाही त मंग घरी जा. दोघं-तिघं गेलेबी घरी. आन् तवा खालून निरोप आला, की शॉव्हेलवाल्यानं मशीन बंद केली म्हणून."

शॉव्हेल म्हणजे खाणीच्या तळाशी कोळसा उपसून डंपरमध्ये भरणारं मोठं यंत्र. ते चालवणारा माणूस परमनंट होता, युनियनचा सभासद. डंपरचे ब्रेक दुरुस्त होईपर्यंत मी एकही डंपर भरणार नाही, असं सांगून तो खाली उतरून बसला. त्यांचाच सभासद बसल्यावर युनियनला पाठीशी उभं राहावंच लागलं. ब्रेक दुरुस्त झाले. घरी गेलेले ड्रायव्हर परत आले.

"मग युनियनने तुम्हाला घेतलं?"

"नाही. कायले घेतील?" बाबांनी पुन्हा गवत उचललं. "आन् त्या माणसाची बदली झाली. आता मारेगावले असते. चाल, जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाबांच्या मोटरसायकलवर निघालो. त्या शॉव्हेलवाल्या चाचांचं मारेगावच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून टाकलेलं. बाबांना बघून ते उठले, मिठी मारली, मला 'बेटा' म्हणून स्टूल दिलं. दोघं बराच वेळ कोण गेलं, कोण राहिलं ते बोलत बसले. मग मी विचारलं, "चाचा, तुम्ही तेव्हा मशीन का बंद केली? तुमचं तर काही अडलं नव्हतं."

मला वाटलं होतं ते माणुसकीचं, बंधुभावाचं काही तरी सांगतील. ते पंपाची नळी फुंकत म्हणाले, "सच सांगू का बेटा? मी काई तुया बापासाठी नव्हतो थांबलो. मी खाली होतो. डंपर वरून येणार. ब्रेक गेले असते त तो कोनाच्या आंगावर आला असता? माह्या. तुया बापानं तरी उडी मारली असती. मी कुठी जातो?"

बाबा मोठ्याने हसले. "मले इतके वर्सं वाटे, यानं आमच्यासाठी केलं!"

"झालं ना पर तुमचंबी?" चाचा म्हणाले आणि ते दोघंही हसत राहिले.

परतताना मी गाडीवर मागे बसून एकच विचार करत होते. मी सेक्रेटरींकडे आधार मागितला होता, जवळपास दया. त्यांनी आमच्यावर दया करावी असं काही कारण नव्हतं. पण त्यांची मोठी विमानं आणि आमची लहान विमानं उतरतात त्याच धावपट्टीवर, एकामागोमाग. त्या दिवशी टॉवरची सूचना कॅप्टननी चुकीची परत म्हटली, तेव्हा मागे कोण होतं? त्यांच्याच कंपनीचं विमान, भरलेलं.

घरी येऊन मी पुन्हा फोन लावला आणि एवढंच सांगितलं. सेक्रेटरींनी त्या दिवसाची तारीख आणि वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "हे मी आमच्या कमिटीपुढे मांडू शकतो. पण एकट्या येऊ नका. अजून कोणाला तरी आणा."

पुढचे दिवस मी राजूरच्या घरातून आमच्या कंपनीतल्या वैमानिकांना फोन करत होते. एकाने उचललाच नाही. एकजण म्हणाला, "तुझं सगळं पटतं, पण माझा बाँड आहे आणि बायकोला दिवस गेलेत. माझं नाव घेऊ नकोस." मी नाही घेतलं. शेवटी सहा-सातजण तयार झाले, आणि ज्यांची मला खात्री होती त्यातले फारच थोडे त्यात होते. संघटनेने आम्हाला सहयोगी सभासद करून घेतलं. कॅप्टनसाठी त्यांनी वकील दिला आणि लहान कंपन्यांमधल्या विश्रांतीच्या वेळांबद्दल विमान वाहतुकीच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली, स्वतःच्या नावाने.

कंपनीने चौकशी गुंडाळली. मला कामावर घेतलं, कॅप्टननाही. ते एक महिना राहिले आणि सोडून गेले. आता एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतात. मी का म्हणून विचारलं तर म्हणाले, "नाही म्हटल्यावर पुन्हा तिथेच बसणं जड जातं. माझ्यापुढे सगळे फार जपून बोलायला लागले होते." मला वाटलं होतं आपण जिंकलो. त्यांच्या बोलण्यात जिंकल्याचं काही नव्हतं.

आमची ड्युटी आता पूर्वीसारखी ताणत नाहीत. निदान कॅप्टनला विचारतात, आणि नाही म्हटलं तर वाद घालत नाहीत. सहयोगी सभासदाला मात्र मत नसतं. संघटनेच्या वार्षिक सभेत लहान कंपन्यांचा विषय सर्वांत शेवटी येतो, आणि तोपर्यंत लोक जेवणासाठी उठायला लागलेले असतात. गेल्या सभेत आम्हाला मताचा अधिकार द्यावा असा ठराव सेक्रेटरींनीच मांडला. तो पडला. विरोधात हात वर करणाऱ्यांत माझ्या ओळखीचे लोक होते. त्यातला एकजण जेवताना माझ्या शेजारी येऊन बसला आणि संकोचून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. तुमचे प्रश्न वेगळे आहेत, एवढंच."

"तुम्ही काल कुठून आलात?" मी विचारलं. त्याने विमानतळाचं नाव सांगितलं. मीही काल तिथंच उतरले होते. मग तिथल्या वाऱ्याबद्दल, धावपट्टीच्या टोकाला येणाऱ्या पक्ष्यांबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. मताचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, मीही नाही. पण ताट ठेवायला उठताना त्याने माझा नंबर मागून घेतला.