अर्नेस्टीनच्या कार्डावरची नावं

जुलैच्या ऐन उकाड्यात अर्नेस्टीन मॅब्रीच्या घरातला एसी बंद पडला. बर्मिंगहॅमचा जुलै म्हणजे अंगावर टाकलेली ओली गोधडी. मेकॅनिक घामाघूम होऊन आत आला आणि म्हणाला, "मिस अर्नेस्टीन, हा गेला. नवाच बसवावा लागेल."

"गेला? देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," ती म्हणाली. "नवा इतक्यात नाही."

तिची मुलगी रेनिटा नर्स होती, ड्यूटीवरून तशीच धावत आलेली. "ममा, सत्त्याहत्तरची झालीस तू! पर्समध्ये क्रेडिट कार्ड आहे, त्यावर एक सेंट देणं नाही. काढ आणि घास."

"ते कार्ड सध्या माझं नाही. शॉनिसचं आहे."

रेनिटाने कपाळाला हात लावला. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

अर्नेस्टीनने सगळी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तरुणपणी बँकेत खेटे घालून, तिथल्या साहेबांच्या नाकावर टिच्चून तिने ते कार्ड मिळवलं होतं, आणि त्यानंतर एकदाही हप्ता चुकवला नव्हता. चर्चमधल्या कुणाची पोरगी शिकून निघाली, कुणाला भाड्याचं घर मिळेना झालं, की मिस अर्नेस्टीन त्यांचं नाव आपल्या खात्यावर घालायची. बँकेची त्याला मुभा असते. मग तिची इतक्या वर्षांची चोख परतफेड त्या माणसाच्याही नावापुढे दिसू लागते आणि त्याचा क्रेडिट स्कोअर चढतो. त्याच्या नावाचं कार्ड पोस्टाने यायचं, ते मात्र अर्नेस्टीन स्वतःच्या टेबलावर, त्याच्या डोळ्यांदेखत, कोंबडी कापायच्या कात्रीने कापायची. "नाव देते, कार्ड देत नाही," म्हणायची, आणि पुढ्यात पीच कॉबलरची, पीच घालून भाजलेल्या गोडाची, बशी सरकवायची. एकदा एक टायवाला आला होता. परक्या लोकांची नावं घाल, नावामागे पैसे देतो म्हणाला. तिने त्याच्यावर बागेतला पाण्याचा पाइप सोडला.

शॉनिस ही तिच्या मैत्रिणीची, लुसिंडाची मुलगी. लुसिंडा आणि अर्नेस्टीन शाळेत एकाच शेगडीपाशी उभ्या राहायच्या. लुसिंडा गेली. शॉनिस सिटी बस चालवायची आणि भाडं वेळेवर भरायची, पण त्या भाड्याची कुठे नोंदच होत नव्हती. बँकेच्या लेखी ती जन्मालाच आली नव्हती. भाड्याच्या खोलीच्या भिंतींना बुरशी आणि छोट्या अमारीच्या छातीत घरघर. वसंतात तिचं नाव अर्नेस्टीनच्या खात्यावर लागलं, स्कोअर चढला आणि एका छोट्या विटांच्या घरासाठी कर्जही मंजूर झालं. शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. पण सह्यांआधी कर्ज देणारी बँक पुन्हा एकदा स्कोअर बघते. एसीच्या खर्चाने ते कार्ड उधारीने गळ्यापर्यंत भरलं असतं तर तो भार शॉनिसच्या नावापुढेही दिसला असता, आणि घर गेलं असतं.

"मग माझ्याकडे चल राहायला," रेनिटा म्हणाली. तिचं स्वतःचं कार्ड मुलाच्या, कॉर्बिनच्या कॉलेजपायी कधीच भरलं होतं.

"तुझ्याकडे? तुझा नवरा आणि तुझं मांजर, दोघंही माझ्या खुर्चीत बसतात."

"आणि इथे तुला काही झालं तर?"

"तर अंत्यविधी रोखीत करा. कार्डाला हात लावायचा नाही."

ती घरापुढच्या ओट्यावर बसली. पाय बर्फाच्या टबात, हातात चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा. पंख्यावर अंत्यविधीवाल्याची जाहिरात होती. रेनिटा दर तासाला फोन करायची, पाणी प्यायलीस का, चक्कर येते का, आणि शेवटी, "ममा, तो पंखा तरी बदल गं."

बुधवारी शॉनिस रडत आली. कर्ज देणाऱ्या बँकेतल्या बाईने तिला विचारलं होतं, हे जुनं खातं कुणाचं, ती तुमची कोण लागते. "आणि तुमचा एसी बंद आहे हे मला आज कळतंय? बसवून घ्या, मिस अर्नेस्टीन. तुम्हाला काही झालं तर मी त्या घरात झोपू कशी?"

"डोळे पूस. फोन लाव त्या बाईला."

फोन लागला. "मी अर्नेस्टीन मॅब्री. खातं माझं. नाव मी घातलंय, तुमच्याच नियमाने."

"नातं काय, मॅडम?"

"हिच्या आईने आणि मी मिळून अर्ध्या शहराची पोरं जेवू घातली, हे नातं. आता तू सांग. डोंगरापलीकडच्या श्रीमंत बंगल्यांतले बाप पोरांना मिसरूड फुटायच्या आत आपल्या खात्यावर घेतात. त्यांना विचारता का, ही पत तुझी की बापाची? तिकडे ती बापाची माया, आणि आमच्या दारात आली की लबाडी?"

"मी ठरवत नाही, मॅडम. मी वर कळवते."

"कळव. वर माझीही ओळख आहे. मीही कळवते."

गुरुवारी दुपारी मात्र अर्नेस्टीनचे ओठ सुकले, बोलणं जड झालं. रेनिटाने तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि दुसऱ्या हाताने आईच्या पर्समधून कार्ड काढलं. अर्नेस्टीनने बघितलं.

"कॉर्बिनसाठी तू काय काय घासलंस, मी कधी विचारलं?" ती हळूच म्हणाली. "लुसिंडा असती तर तिनेही घासलं असतं. ती नाही."

रेनिटा कार्डाकडे बघत राहिली. मग तिने ते परत पर्समध्ये टाकलं, आईला धरून अंगणातल्या आपल्या गाडीत बसवलं आणि गाडीचा एसी पूर्ण सोडला.

"मी घर सोडलेलं नाही," अर्नेस्टीनने थंड हवेत डोळे मिटून बजावलं. "गाडी माझ्याच अंगणात आहे."

"हो, ममा. पाणी पी."

शुक्रवारीही ती सकाळपासून गाडीतच होती. टाकी रिकामी व्हायला आली, तेव्हा काचेवर टकटक झाली. शॉनिस, कडेवर अमारी, आणि अमारीच्या मुठीत नव्या घराची किल्ली.

अर्नेस्टीनने काच खाली केली, किल्ली हातात घेऊन उलटसुलट बघितली, आणि परत अमारीच्या मुठीत कोंबली. मग पर्समधलं कार्ड रेनिटापुढे धरलं.

"बोलाव त्या मेकॅनिकला. आणि चांगला मोठा एसी सांग."

रेनिटाने फोन लावला, पण वाजायच्या आत थांबली. "ममा... तुझ्या खात्यावर कॉर्बिनचं नाव..."

"एवढे दिवस मला वेडी म्हणत होतीस ना?"

"आजही म्हणते."

"मग रांगेत उभी राहा. आधी ह्या एसीचं देणं फिटू दे. आणि कात्रीला धार तूच लावायचीस."