नळीतल्या तापाचा तपास

अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंतच शिकले, चुका असतील, माफ करा. माझे सासरे अण्णा निवृत्त फौजदार. जुन्या तपासांच्या हकिगती ते लिहितात. ही मात्र ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

माझ्या मुलीला रक्ताचा कर्करोग. औषधासाठी छातीत नळी बसवलेली. मुंबईच्या रुग्णालयातून उमेळ्याला घरी आलो की थोड्याच दिवसांत थंडी वाजून ताप. दुसऱ्यांदा आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात जंतू सापडलाय. मुलांमध्ये क्वचित दिसतो. माती, पाणी, झाडपाला, असल्या कुठून तरी येतो. ही नळी काढावी लागेल, केमो लांबेल. कारण सापडलं नाही तर नवी नळीही टिकणार नाही."

केमो लांबणे म्हणजे काय, ते मला कळत होते. बाकी काहीच कळत नव्हते.

मुलीजवळ माझ्या बहिणीला बसवून आम्ही सामान न्यायला घरी आलो, तेव्हा अण्णांनी पडवीत खुर्ची टाकली. पहिला जबाब माझा.

"नळीला कोण हात लावतं? खाली बघू नकोस, सूनबाई."

मी खालीच बघत होते.

नवरा म्हणाला, "अण्णा, ती काय चोर आहे?"

"संशयित सगळेच. तूसुद्धा."

कुंड्या बाहेर गेल्या, मांजर शेजारी गेले. धागा सापडेना. दोष माझाच असावा, असे मलाही वाटू लागले.

अण्णांसह रुग्णालयात परतलो, तेव्हा सिस्टरने विचारले, "आंघोळ कशी घालता?"

अण्णाच बोलले, "आंघोळ तिची आई घालते, पण नळीचा बंदोबस्त माझा. नळी भिजू नये म्हणून तुम्ही दिलेल्या प्लास्टिकवर आपला भरवसा नाही. वाडीतलं केळीचं कोवळं पान, विहिरीच्या पाण्यानं धुऊन वर गुंडाळतो. भाजलेल्या माणसालाही आम्ही पानावरच निजवतो. त्याहून स्वच्छ काय?"

सिस्टर लिहायची थांबली. "रोज?"

"रोज. स्वतःच्या हातानं..."

पान कुणाच्याच जबाबात आले नव्हते. आमच्याकडे त्याच्यावर संशय घेतच नाहीत.

पानामुळेच झाले, असे डॉक्टरीणबाईंनी छातीठोकपणे सांगितले नाही. पान बंद, विहीर बंद. ती नळी काढली, ताप उतरल्यावर नवी बसवली. नंतर ताप आला नाही.

अण्णा म्हणायचे, आधी हेतू शोधावा. इथे हेतू मायेचा निघाला. मग रागवायचे कुणावर, ते मला अजून उमगलेले नाही.

केमो पुन्हा सुरू झाले त्या दिवशी अण्णा वॉर्डाच्या दाराबाहेरच उभे राहिले. आत एकालाच परवानगी होती. मुलगी म्हणाली, "आई, आजोबा का येत नाहीत?"

मी उठून बाहेर गेले. "अण्णा, तुम्ही बसा तिच्याजवळ," एवढेच मला बोलता आले.