भाऊजींचं ऊन

नागपूरचं ऊन वाया जातं म्हणून जिवाला लावून घेणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. मे महिन्यात सारं गाव तोंडाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून सावलीसावलीने सरकत असतं, तेव्हा आमचे भाऊजी सीताबर्डीच्या भर चौकात उघड्या डोक्याने उभे असतात आणि पंगतीत टाकलेल्या अन्नाकडे बघावं तसे रस्त्यावर पडलेल्या उन्हाकडे बघतात. लग्नाला नेलं तर नवरानवरी सोडून मांडवाचं कापड न्याहाळतात. "एवढं ऊन वर पडून राहिलं, अन् आपण खाली पंखे लावून राहिलो," हे त्यांचं मंगलाष्टकांच्या वेळचं ठरलेलं वाक्य. उष्णतेची लाट येणार असं पेपरात आलं की लोक कूलरमध्ये नवा वाळा भरतात; भाऊजी इस्त्रीचा शर्ट काढतात. ढग आला की मात्र त्यांची जेवणावरची वासना उडते.

याला कारण एक पिवळी भुकटी. भाऊजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा जन्म त्यांनी तिच्या पायी घालवला. कार्बन आणि नायट्रोजनच्या साखळ्यांची ही भुकटी म्हणजे सेंद्रिय अर्धवाहक. ती पाण्यात कालवायची आणि बाटली उन्हात ठेवायची. भुकटीने ऊन प्यायचं आणि पाणी फोडून त्यातला हायड्रोजन बुडबुड्यांनी मोकळा करायचा. पुढे त्यावर गाड्या चालतील आणि धूर म्हणून नुसती वाफ निघेल, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. युरिया भट्टीत भाजून ती बनते, म्हणून खताचं पोतं दिसलं तरी भाऊजींच्या डोळ्यांत माया दाटते. दुखणं एवढंच, की प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली ही लेक शहाण्यासारखी वागते, आणि नागपूरच्या खऱ्या उन्हात आणली की मान टाकते.

खरं ऊन घरच्या गच्चीवर, आणि गच्ची ताईची. तिथे तिच्या कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या वाळत. कितीतरी उन्हाळे या दोघांचा संसार गच्चीवरच्या सरहद्दीवरून भांडण्यात गेला. बाटलीची सावली कुरड्यांवर पडते, ही ताईची तक्रार. कुरड्यांचं पीठ उडून बाटलीवर बसतं, ही भाऊजींची.

एका दुपारी बाटलीत खरंच बुडबुडे आले. भरभरून आले. भाऊजी जिन्यावरून अनवाणी धावत खाली उतरले आणि तडक संत्राबर्फी आणून त्यांनी अख्ख्या गल्लीत वाटली. दुसऱ्या दिवशी शंका आली म्हणून शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवून पाहिली, तर तिच्यातही तितकेच बुडबुडे. झालं होतं असं, की मे महिन्यात आमच्याकडे कुठलंच पाणी बाहेर राहत नाही. ताईने प्रयोगाचं पाणीही सवयीने फ्रिजमध्ये ठेवलं होतं. गार पाणी उन्हात तापलं आणि त्यात मुरलेली हवा बाहेर पडली, एवढाच तो हायड्रोजन. दुसरा कोणी गप्प बसला असता. भाऊजी संध्याकाळी घरोघर जाऊन सांगून आले, की कालची बर्फी चुकीची होती. कोपऱ्यावरच्या आजोबांनी त्यांना धीर दिला, "चुकीची असन गा, पण ताजी होती." तेव्हापासून साध्या पाण्याची बाटली शेजारी ठेवल्याशिवाय भाऊजी भुकटीची बाटली मांडत नाहीत.

यंदा भाऊजी निवृत्त झाले. प्रयोगशाळा सुटली, भट्टी सुटली. शेवटची भाजलेली भुकटी एका डबीतून घरी आली. ती संपली की संपली. आणि नेमकं त्याच महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ऊन बंद केलं. नागपुरात, मे महिन्यात, भाऊजींना ऊन बंद.

मी भेटायला गेलो तेव्हा ते काळा चष्मा लावून जिन्याच्या दाराआड पाटावर बसले होते, हातात डबी. बाहेर भर गच्चीत छत्री धरून ताई, समोर दोन बाटल्या. यंदा कुरड्या घातल्याच नव्हत्या. सगळी गच्ची मोकळी होती.

"काय दिसून राहिलं वं?" आतून भाऊजींनी विचारलं.

मी गच्चीत जाऊन वाकून पाहिलं. दोन्ही बाटल्या सारख्याच गप्प होत्या. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं म्हणून मी ताईला हळूच खुणावलं, की हो म्हण. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी चोरून साखर खाताना पकडलं होतं त्याची आठवण झाली.

"नाही जी," ती म्हणाली. "तुमच्या बाटलीत काही नाही येऊन राहिलं."

दाराआड डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"ऐकलं का गा?" भाऊजी मला म्हणाले. आवाज चक्क खुशीत होता. "आता ही ज्या दिवशी हो म्हणन, त्या दिवशीची बर्फी परत घ्यावी नाही लागणार."

ताईने छत्री मिटली नाही. सूर्य आणखी थोडा कलू दे, मग पुन्हा बघते म्हणाली. डबीत अजून दोन-तीन चमचे भुकटी होती. मी निघालो. जिन्याच्या खिडकीतून आजूबाजूच्या गच्च्या दिसत होत्या, आणि सगळ्यांवर ऊन नुसतं पडून होतं. ते वाया चाललंय, असं मला पहिल्यांदाच वाटलं.