दवाखान्यातलं शेवाळ

प्लंबरकडे किस्से कसे जमतात? बेसिनखालची गाळ अडवणारी बाटली उघडून बघा. कानातलं, कंगव्याचे दात, कुणाचं तरी बटण! मुद्दाम कुणीच टाकलेलं नसतं. पण आमच्या एकाच कामाचे किस्से एवढे जमलेत की बाटली तुंबायची वेळ आलीय.

मी शिळफाट्याचा. माझा जोडीदार बबन कडावचा, शेतीची कामं उरकली की माझ्याबरोबर पान्हा धरतो. कर्जतला एक दातांच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांच्या वेटिंगमध्ये खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी. त्यातलं शेवटचं कोरल पांढरं पडत चाललं होतं, आणि ते गेलं तर मॅडम टाकीच मोडणार होत्या. शेवटचा उपाय म्हणून खाली एक छोटी टाकी बसवायची, तिच्यात शेवाळ वाढवायचं आणि दोन्हींत पाणी फिरतं ठेवायचं. काम एवढंच!

"शेवाळ? मुद्दाम?" बबननं विचारलं.

"ते पाण्यातली घाण खातं," मॅडम म्हणाल्या.

आमचा जन्म लोकांच्या टाक्यांतलं शेवाळ खरवडण्यात गेलेला. चहाच्या टपरीवर त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे आमी आजवर उलटंच काम केलं का रं?"

*

वरच्या टाकीतलं पाणी खालच्या टाकीत उतरणार, हे बबनला लगेच पटलं. वरचं खाचर, खालचं खाचर! पण पंप ते परत वर चढवणार म्हटल्यावर तो अडला.

"मंग शेत भरायचं कवा?"

मी म्हटलं, "तू पाइप काप."

*

मॅडमना पाणी हळू हवं होतं. आजवर एकाही गिऱ्हाइकानं "प्रेशर कमी करा" म्हटलेलं नाही! बबनचा हात सवयीनं गेला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. शेवाळाचे तुकडे पंपातून थेट वरच्या टाकीत. मासे बावचळले, मॅडम धावल्या.

गाल सुजलेली कशेळ्याची एक आजी बाकावरून ओरडली, "अगं बाय, आदी माजा दात बघ, तुजं माशे मंग!"

*

लाइट गेली की वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. ते थांबावं म्हणून वरच्या पाइपाला एक बारीक भोक पाडतात, त्यातून हवा शिरली की पाणी थांबतं. मॅडमनी सांगितलं, मी पाडलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर बबन खुशीत. "एक लिकेज गावलं. बुजवून टाकलं!"

मी तोंड उघडलं आणि लाइट गेली. कर्जतची लाइट ती!

खालची टाकी भरून वाहिली. फरशीवर पाणीच पाणी, पेशंट पाय वर घेऊन बसलेले. वरच्या टाकीतलं कोरल उघडं पडलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मलाही फार वाईट वाटलं. मॅडमनी भरून ठेवलेल्या ड्रममधलं खारं पाणी बादल्यांनी ओतून आम्ही कोरल पुन्हा बुडवलं. बबन नखांनी भोकावरचं सील खरवडत होता. "गळकं ठेवायचं असतंय हे मला कुनी सांगायचं?"

*

मग बरेच दिवस फोन नाही. आला तेव्हा मॅडम "दोघंही या" एवढंच म्हणाल्या.

गेलो. कोरलला रंग चढला होता. त्यातून बारीक बारीक बोटं बाहेर येऊन हलत होती.

"दगड हालतोय!" बबन दोन पावलं मागं सरला.

"दगड नाही बबनराव, जिवंत आहे. पोवळं म्हणतात ना, त्याच जातीतलं." मॅडम हसत होत्या.

बबननं टाकीकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटाकडे. लग्न जमेना म्हणून ज्योतिषानं घालायला लावलेली पोवळ्याची अंगठी. कडाव येईपर्यंत तो अंगठीच निरखत होता.

परवा त्याच्या घरी गेलो. ओट्यावर एका वाटीत मिठाचं पाणी, आणि पाण्यात अंगठी.

"हे काय रं?"

बबननं वाटी उन्हातून अलगद सावलीत सरकवली.

"जरा वाट बघू म्हनलं."