सुटलेल्या माणसाची चौकशी

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो जबाब नोंदवले. त्यातले बरेचसे आता विसरलोय. जी चौकशी अजून मनातून जात नाही, ती मी निवृत्तीनंतर केली. अंगावर वर्दी नव्हती, हातात कसलाही अधिकार नव्हता आणि मुलूखही परका होता. कुणाचंच नाव इथे लिहीत नाही, कारण ती माणसं आपापल्या घरी सुखात आहेत.

तेव्हा मी अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत लेकीकडे राहत होतो. एका शुक्रवारी जेवताना जावयाने मोबाईल पुढे केला. "पप्पा, हे बघा. मी पाचशे दिरहॅम दिलेत, म्हणजे आपले बारा हजार झाले. आता ग्रुपवर लोक म्हणतायत की सगळं फेक आहे."

संदेश साधा होता. रत्नागिरीकडचा एक छपाई कामगार आफ्रिकेतल्या एका देशात पत्रकं छापल्यावरून सहा वर्षं राजकीय कैदी होता. तिथलं सरकार बदललं, तो सुटला. शारजात राहणाऱ्या भाचीने त्याला व्हिजिट व्हिसावर आणलं, पण येताच तो आजारी पडला. त्याला घरी पोचवायला आणि पुढच्या उपचारांना मदत हवी होती. खाली त्याचा एक फोटो आणि लिंक होती. त्याखाली एका कॉन्ट्रॅक्टरचा आवाजी निरोप : "मी त्या देशात चार वर्षं काढलीत. असला कुणी इंडियन तिथे आत नव्हता. फोटोतला माणूस तर धडधाकट दिसतोय. खलास, कुणी एक पैसा देऊ नका."

"आजोबा, इज इट अ स्कॅम?" नातीने विचारलं.

"बघितल्याशिवाय कसं सांगू?" मी म्हणालो.

जावयाने ग्रुपवरून भाचीचा नंबर मिळवला, मी पोलिसात होतो हेही तिला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शारजाला निघालो. शेवटच्या पट्ट्यातल्या गर्दीत तासभर गाडी मुंगीसारखी सरकत होती. तेवढ्या वेळात मी मनात प्रश्नांची यादी केली. जुनी खोड.

दार भाचीने उघडलं. तिशीची मुलगी, शाळेत शिकवणारी, डोळे सुजलेले. "काका, तुम्ही पोलीस ना? मला आत टाकतील का? कुणीतरी सांगितलं, इथे परवानगीशिवाय मदत मागणं गुन्हा आहे."

"खरं आहे ते," मी म्हणालो. "आधी ती लिंक इथल्या सगळ्या ग्रुपवरून काढ. आत्ता, माझ्यासमोर." तिने एकेक ग्रुप उघडून ती काढली.

तिचे मामा आतल्या खोलीत गादीवर बसले होते. अटकेआधीच्या फोटोतला भरल्या अंगाचा माणूस आणि हा हाडांचा सापळा, कुणालाही संशय आला असता. मी समोर खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. अटक कधी झाली? सकाळी, म्हणाले. थोड्या वेळाने तेच विचारलं, तर संध्याकाळ म्हणाले. साल चुकलं. तुरुंग कुठल्या गावात होता, तेही धड सांगता येईना. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी अशा माणसाला सरळ खोटारडा ठरवलं असतं. पुढे कळत गेलं की खोटं बोलणारा तारखा पाठ करून येतो. गोंधळतो तो बहुतेक वेळा खरोखर भोगलेला माणूस.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या दुकानातून सामान आलं होतं. पण बेल ऐकताच मामा भिंतीला धरून कसेबसे उठले, भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान खाली घालून उभे राहिले. जागचे हलेनात.

आमच्या ठाण्यात पहारा बदलताना कोठडीतल्या आरोपींची मोजणी व्हायची. किती माणसं माझ्यासमोर अशी मान खाली घालून उभी राहिली असतील! कुणाच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं. आकडा जुळला की डायरीत सही करून मोकळा. त्या खोलीत मला पहिल्यांदाच त्याची लाज वाटली.

"मामू, दुकानवाला आहे. बसा," भाची म्हणाली. तिने दोनदा सांगितल्यावर ते बसले.

मी खुर्ची बाजूला सारली आणि खाली सतरंजीवर बसलो. तारखांचा नाद सोडला. विचारलं, "छापखान्यात मशीन कुठलं होतं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग मशीन, शाई, कागद अडकला की येणारा आवाज, सगळं सांगत सुटले. "आणि ती पत्रकं?" मी हळूच विचारलं.

"पहिली खेप न वाचताच छापली, साहेब. धंदा होता. दुसऱ्या खेपेला वाचली. खाणीतल्या मजुरांना गोळ्या घातल्या होत्या, त्याचं होतं. मग तिसरी खेप फुकट छापली."

"सुटकेचा कागद असेल ना?"

त्यांनी सदरा छातीशी आवळून धरला. "आहे. पण दाखवला की काढून घेतात."

"मी हात लावणार नाही. तुमच्या हातातच ठेवा."

त्यांनी सदऱ्याच्या आतली शिवण उसवली. घामाने पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद निघाला. भाचीलाही त्याचा पत्ता नव्हता. मजकूर फ्रेंच. जावयाने ऑफिसातल्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याने वाचून दाखवला. नाव, वडिलांचं नाव, पासपोर्टचा जुना नंबर, सगळं जुळलं. आरोपाच्या जागी एकच ओळ होती : सरकारविरोधी मजकूर छापणे.

भाची तोंडावर ओढणी धरून रडली. जावई खिडकीकडे वळला.

व्हिसाचे नऊच दिवस उरले होते. मामांच्या परवानगीने कागदाची प्रत काढून भाची कॉन्सुलेटमध्ये गेली आणि इथल्या एका परवानाधारक धर्मादाय संस्थेकडे रीतसर अर्ज केला. आवाहन आता गावाकडून, मामांच्या सख्ख्या भावाच्या नावाने निघालं. त्यात हॉस्पिटलचं पत्र जोडलं होतं आणि मदत थेट हॉस्पिटलकडे जाणार होती. मी फक्त त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो लगेच भाचीच्या घरी गेला, दहा मिनिटं मामांजवळ बसला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "साहेब, चूक झाली. तिकीट माझ्याकडून. व्हीलचेअर पण मीच ढकलणार." आणि खरंच, एअरपोर्टवर त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

गावाकडच्या आवाहनाला आठवड्याच्या आत पुरेशी मदत मिळाली. मला वाटायचं, परदेशात माणूस आपल्यापुरतं बघतो. तसं नसतं. द्यायची तयारी असते, फक्त फसवले जाण्याची भीती आड येते. कुणीतरी स्वतः जाऊन, बघून, खात्री करून सांगावं लागतं. हे कसब पोलिसाकडे असतं. सगळी हयात मी ते माणसांना आत टाकण्यासाठी वापरलं होतं. ते माणसाला घरी पोचवायलाही उपयोगी पडतं, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

पाचेक महिन्यांनी गावाहून फोन आला. आवाजात इतका जोर होता, की आधी मी ओळखलाच नाही.

"साहेब, काठी घेऊन चालतो आता. रोज सकाळी खाडीपर्यंत जातो. काल तिथेच बसून राहिलो, दुपार झाली तरी. कुणी बोलवायला आलं नाही, कुणी ओरडलं नाही. मग मला वाटलं तेव्हा मी उठलो, आणि घरी आलो."