तुला येतंय, बाई

उजव्या अंगठ्याचं नख माय कधी कापत नसे. आमचं घर त्या नखावर चालत होतं. बाप गेला तेव्हा मी नववीत, संतोष दुसरीत. स्वतःचं वावर नव्हतं. घरातला पाटासुद्धा विकला होता. ठेचा शेजारणीकडं वाटून आणायचो. वाटूरच्या आसपास कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असत, तिथं माय क्रॉसिंगला जायची. दुपारी कळी नखानं सोलायची, आतला नर काढायचा, खुणेला लाल कागद लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल तिच्यावर फिरवायचं. कळ्या सुटत गेल्या की भेसळ, आणि कंपनीच्या तपासणीत भेसळ निघाली की माल फेल. मायच्या हातून कळी सुटत नसे.

मी जालन्याला राहून बीएस्सी झाले. घराण्यातली पहिली पदवीधर, हे मी मान वर करून सांगते. कॉलेजचा फॉर्म भरणं, खोली शोधणं, पुढं नवीन जालन्यातल्या बियाणं कंपनीत नोकरी, सगळं माझं मी केलं. मायला काही विचारावं तर ती म्हणायची, "तुला येतंय, बाई. मला काय विचारतीस?"

संतोषला मात्र काहीच येत नव्हतं. दहावीनंतर तो घरी बसला. वीस-एकविशीत अर्धा एकर ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं, घेऊन बियाण्याचा प्लॉट धरला. प्लॉट त्याचा, कष्ट मायचे. बाया गोळा करायची माय, कळ्या सोलायची माय, राहिलेली फुलं खुडत ओळी फिरायची माय. साहेब मोटारसायकल घेऊन वाटूर फाट्यावर चहाला. मी एकदा म्हणाले, "तीस वर्षांचा घोडा झालाय, त्याला अजून किती भरवतीस?"

"भरवत कुठं? शिकवून राह्यले."

"दहा वर्षं?"

"एखाद्याला उशीर लागतो, आक्का."

मला मुलगी झाली ती नेमकी भाद्रपदात. रीतीनं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण क्रॉसिंग चालू होतं. माय बाराव्या दिवशी जालन्यात मस्तगडला माझ्या घरी आली, पाळण्याची दोरी ओढली, आणि सकाळच्या गाडीनं परत गेली. बाळाला तेल लावायला मी बाई ठेवली. जाताना माय म्हणाली, "तुला येतंय सगळं." मला त्या दिवशी वाटलं, थोडं कमी आलं असतं तर बरं झालं असतं.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षं मी मागं लागले होते, दरवेळी "हंगाम होऊ दे." अन् एका वर्षी भर हंगामात पिशवी घेऊन ती दारात उभी. "कर बाई आपरेशन. महिनाभर राह्यते." मला काय आनंद झाला म्हणता. खिडकीजवळ तिची खाट टाकली. ऑफिसातून सुट्टी घेतली. माय आता माझी होती.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवसापासून संतोषचे फोन सुरू झाले. माय काळा चष्मा लावून खाटेवर ताठ बसलेली, हातानं मला खुणावायची, "सांग, झोपलीय."

"माय झोपलीय," मी सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते सांगताना फार बरं वाटायचं.

"आक्का, बाया ऐकून न्हाई राह्यल्या. चार जणी आल्याच न्हाईत. मायला उठव ना जरा."

"डॉक्टरांनी उठवू नको सांगितलंय."

फोन ठेवला की माय विचारायची, "काय म्हणला?" सातव्या दिवशी मी सगळं सांगितलं. तशी ती हळूच म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जाऊन सांजच्याला आले तर चालंल का गं?"

माझं डोकं सटकलं. "जा. तू माझ्याकडं आल्तीसच कुठं?"

"जात न्हाई," ती म्हणाली. "तोंडातून गेलं. डोळ्याला मी दिवाळीनंतर बी आले असते, आक्का. मुद्दाम आत्ता आले. मी तिथं असले तर तो जन्मात वाकायचा न्हाई."

म्हणजे माझ्या घरी येऊन बसणं, हेसुद्धा तिनं त्यालाच दिलं होतं.

"अन् मला काय दिलंस?" मी विचारलं. चाळिशीला आलेली बाई, पोटची पोर शाळेत गेलेली, आणि हे विचारत होते.

"काय देऊ? तुला काय येत न्हाई ते सांग."

मी फणी आणून तिच्या हातात दिली. म्हणाले, "माझी वेणी घाल."

मी खाटेखाली बसले. एका डोळ्यानं ती विंचरत होती. मधे फोन वाजला. मायचा हात थांबला. फोन वाजत राहिला, तिची बोटं माझ्या केसांत तशीच अडकून. आवाज बंद झाल्यावर ती म्हणाली, "करंल तो," आणि पुढचा पेड घेतला. भांग वाकडा पडला होता. दुसऱ्या दिवशी मी तसाच ठेवला.

ती पुरा महिनाभर राहिली. माय वारली त्याला आता वर्ष होत आलं, पण त्या महिन्याइतकी ती मला कधी मिळाली नाही, आणि तोही महिना संतोषच्या नावाचा होता. माझा बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा तिनं माझ्या हातावर साखर ठेवली होती. संतोषच्या मालाचा निकाल आला तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले, पण गोड लागले नाहीत.

त्या हंगामात संतोषचा माल मायच्या हाताशिवाय तयार झाला, आणि पास झाला.