तोंडाला फासलेलं मलम

माझ्या लेकीचं लग्न एका मलमानं जमवलं. मी फक्त तोंड भाजून घेतलं.

तेव्हा शालन लग्नाची होती, आणि माझ्या कोपरांवर, पाठीवर सोरायसिस उठला होता. तांबडे चट्टे, वर पांढरे पोपडे. रोग चिकटत न्हाय, पण लोकांना कोण सांगणार? पेठ वडगावचं चांगलं स्थळ येणार होतं. पोपडे दिसले की पावणे चहा न पिताच उठणार, ही बायकोला धास्ती!

डॉक्टरनी ट्यूब दिली. "यात व्हिटॅमिन डी आहे, मामा. चट्ट्यांवरच लावा, पातळ. तोंडाला अजिबात नाही. गुण यायला वेळ लागेल."

वेळ? पावणे तर उद्या येणार! आणि मी तालमीतला गडी. अंगाला चोळायचं म्हटलं की टाळूपासून टाचेपर्यंत, तेही दम लागेपर्यंत! व्हिटॅमिन म्हणजे ताकदच की! अर्धी ट्यूब अंगाला रगडली, उरलेली तोंडाला. (म्हटलं, पोरीच्या बापाचं तोंड जरा चमकू दे!)

सकाळी तोंड तांबड्या रश्श्यागत! आग आग!

"अवो, ह्ये काय करून घेतलंय?" बायको किंचाळली.

"व्हिटॅमिन लावलं."

"तोंडाला? आता पावण्यांस्नी काय सांगू, नवरा चुलीत पडला?"

"सांग की! रोगापरीस बरं!"

तेवढ्यात पावणे दारात! मुलाचा बाप पोरगी सोडून मलाच बघत बसला.

"पावणं, तोंडाला काय झालंय?"

मी "ऊन लागलं" म्हणणार, तवर बायकोनं तोंड उघडलं. तिला खोटं जमायचंच न्हाय.

"सोरायसिस हाय त्यांना. चिकटत न्हाय. मलम चट्ट्याला लावायचं, तर थोबाडाला फासलंय!"

शालन पोह्याचा ट्रे धरून तशीच उभी. मुलाचा बाप उठला. संपलं, म्हटलं मी! तर त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. कोपरावर अस्साच चट्टा!

"पोरगी पसंत हाय," तो म्हणाला. "आता मलमाचं नाव सांगा!"

लग्नानंतर कैक वर्षं माझ्या पाठीला मलम बायको लावायची, बोटाच्या टोकानं, पातळ. ती देवाघरी गेली आणि पाठ उघडी पडली. माझा हात पोचत न्हाय. पोरगा नोकरीपायी परगावी. घरात सून हाय, पण तिच्यापुढं सदरा काढवत न्हाय. मग व्याहीच एसटीनं येतो. "फिरा, व्याही," म्हणतो, आणि लावतो. अगदी तिच्यागत पातळ.

लावून झालं की ट्यूब मात्र सुनेच्या हातात देतो, माझ्या न्हाय. बायकोनं जाताना त्याला बजावलंय: "ह्यांच्याकडं लक्ष ठेवा, आणि ट्यूब ह्यांच्या हाती देऊ नका!"